पिकअपचा नवा टर्बो बसवायच्या आधी जुना कशानं गेला ते शोधा

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, सहसा आपणहून मरत नाही. त्याला मारतं ते काळं पडलेलं ऑइल, ऑइलची तूट, एअर फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ, नाहीतर आत शिरलेला एखादा वॉशर. ते कारण तसंच ठेवून नवा टर्बो चढवला तर तोही त्याच वाटेनं जातो. काही वेळा तर पहिल्याच सेल्फला बेअरिंग ओरखडलेलं असतं, आणि पुढं शिट्टी वाजायला लागल्यावर मालकाला कळतं. म्हणून मी आधी तपास करतो आणि मग फिटिंग. तपासाला जास्त वेळ जातो आणि तो जायलाच पाहिजे.

माझं गॅरेज सोलापुरात हैदराबाद रोडला, मार्केट यार्डाच्या अलीकडे. कांद्याच्या दिवसांत मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून भरून येणाऱ्या पिकअप आणि वर्षभर अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे घेऊन निघणाऱ्या पिकअप, हेच माझं गिऱ्हाईक. त्यातल्या बहुतेक बोलेरो पिकअप, २५२३ सीसी डिझेल इंजिनाच्या. खाली सांगतोय ते मुख्यतः त्यांना धरून. दोस्त, योद्धा, इंट्रा या दुसऱ्या पिकअपमध्ये नळ्यांची आणि वायरिंगची जागा बदलते, टर्बोचं दुखणं बदलत नाही.

आधी सुपरचार्जरचा विषय संपवतो, कारण हल्ली गाडी घेतलेली तरुण पोरं मोबाइलवर व्हिडिओ दाखवत येतात. "मिस्त्री, हे आपल्या गाडीला बसवून द्या की ओ!" त्यांची हौस मला कळते. पण व्हिडिओतली गाडी आणि आपली गाडी यांत फरक आहे. सुपरचार्जर आणि टर्बो दोघांचं काम एकच, इंजिनात हवा कोंबणं. सुपरचार्जर क्रँकच्या पुलीवरून बेल्टनं फिरतो, म्हणजे इंजिनाचीच थोडी ताकद खातो, पण खालच्या फेऱ्यांपासूनच हवा देतो. टर्बो सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो. व्हिडिओत असतात त्या बहुतेक अमेरिकेतल्या पाच-सहा लिटरच्या पेट्रोल व्ही-एट पिकअप, ज्यांना कारखान्यातून टर्बो आलेला नसतो. तिथं इनटेक मॅनिफोल्ड काढून त्या जागी सुपरचार्जर बसवतात. सोबत मोठे इंजेक्टर, वेगळा इंटरकूलर (कोंबलेली गरम हवा थंड करणारा), लांब बेल्ट आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, नवं ट्यूनिंग असा पूर्ण किट येतो. रोजच्या वापराच्या गाडीत दाब साधारण ६ ते ९ पीएसआयच्या आसपास ठेवतात, कारण पेट्रोल इंजिनात दाब फार वाढला की ठोका येतो आणि पिस्टन फुटतो.

आपल्या डिझेल पिकअपला हवा कोंबायची सोय कंपनीनंच करून दिलेली आहे. डिझेल इंजिनाची ताकद किती डिझेल जळतं त्यावर ठरते. नुसती हवा वाढवून ती वाढत नाही, आणि डिझेल वाढवलं तर धूर जास्त तापतो, क्लच, गिअरबॉक्स, हेड गॅस्केट सगळ्यांवर ताण येतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. पासिंगला आणि विम्याच्या दाव्याला अशी गाडी अडकते. धंद्याची गाडी आहे, घर तिच्यावर चालतं. त्यामुळं मी सुपरचार्जर बसवत नाही आणि कुणाला बसवू नका असंच सांगतो. कंपनीचा टर्बो पूर्ण दाब देत असेल तर तुळजापूरचा घाट भरलेली गाडी व्यवस्थित चढते. चढत नसेल तर दुखणं शोधायचं.

गाडी ओढेना म्हणजे टर्बो गेलाच असं नाही

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूकी यानं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन पंखे. एक धुरावर फिरतो, दुसरा फिल्टरमधून हवा ओढून इंटरकूलरकडं ढकलतो. पिकअपमधला छोटा टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो. धुराकडची बाजू भरल्या गाडीत ६००-७०० अंशांवर जाते. एवढ्या वेगात शाफ्ट धातूवर टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर क्षणभर जरी तुटला तरी धातूवर धातू घासतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून समजतं.

आता गाडी समोर उभी आहे आणि ड्रायव्हर म्हणतोय, "ओढत नाय, काळा धूर मारते." काळा धूर म्हणजे डिझेलला हवा कमी पडतेय. सगळ्यात आधी एअर फिल्टर बघा, मग होज. टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून इंजिन, या दोन्ही रबरी होज क्लिपच्या खालच्या अंगाला फाटतात आणि वरून बघितलं तर धडधाकट दिसतात. हात खालून फिरवा. बोटाला ऑइलची ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ लागली तर तिथून हवा बाहेर येतेय.

हाताला नाही सापडलं तर एक साधं हत्यार बनवून ठेवा. नळाच्या फिटिंगच्या दुकानातून होजच्या मापाची पीव्हीसी टोपी आणा, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. ही टोपी टर्बोच्या हवेच्या तोंडाशी होजमध्ये घालून क्लिप आवळा आणि कॉम्प्रेसरनं हळूहळू हवा भरा. १५ पीएसआयच्या वर जाऊ नका आणि टोपीच्या समोर तोंड करून उभं राहू नका, निसटली तर डोळा जाईल. मग सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. जिथं फेस फुगेल तिथं गळती. इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीची शिवणही तपासा, तिला कुणी बघत नाही. शंभर-दोनशेच्या सामानात बनणारी ही टोपी बऱ्याच मालकांचा टर्बोचा खर्च वाचवते, म्हणून प्रत्येक गॅरेजात असावी असं मला मनापासून वाटतं.

निळा धूर असेल तर ऑइल जळतंय. इथंही लगेच टर्बोवर बोट ठेवू नका. टर्बोतलं ऑइल खाली चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, जातं ते स्वतःच्या वजनानं, मागून कुणी ढकलत नाही. खालची नळी गाळानं बंद झाली असेल, ऑइल वरच्या खुणेच्या पुढं भरलं असेल, किंवा इंजिनाच्या पोटात दाब वाढला असेल, तर ऑइलला उतरायला वाट राहत नाही आणि ते सीलमधून बाहेर येतं. गरम इंजिन आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण सांभाळून उघडा. थोडी वाफ येणं ठीक. झाकण नाचायला लागलं आणि धुराचे भपकारे आले तर ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी वाट, तुंबलाय का ते बघा. ब्रीदर मोकळा असूनही तेच होत असेल तर पिस्टन रिंग झिजल्यात. अशा इंजिनावर नवा टर्बोही ऑइल फेकणारच, आणि हे मालकाला खर्च करायच्या आधी सांगणं आपलं काम आहे.

मग शेवटी टर्बो. इंजिन थंड पाहिजे. हवेकडची होज काढा, शाफ्टचं टोक दोन बोटांत धरा. वर-खाली किंचित हललं तर घाबरू नका, ऑइलचा थर मावायला तेवढी जागा ठेवलेलीच असते. पंखा घराला टेकतो का ते बघा. टेकत असेल तर बेअरिंग गेलं. आता शाफ्ट पुढं-मागं ओढा. इथं बोटाला हालचाल जाणवता कामा नये. जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग संपलं, तो टर्बो काढा.

काढणी

गाडी आदल्या संध्याकाळीच मागवून घ्या. टर्बो ज्याला जोडलेला असतो त्या धुराकडच्या मॅनिफोल्डच्या स्टडवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, हीट शील्ड काढा, दोन्ही बाजूंच्या होज, अ‍ॅक्च्युएटरची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या डब्याची) बारीक नळी, वरून येणारी ऑइलची नळी, खालची ड्रेनची नळी, सायलेन्सरचा पाइप आणि सर्वांत शेवटी मॅनिफोल्डचे नट. नट फिरत नसेल तर पान्याला पाइप लावून झटका देऊ नका. गॅसनं नट लाल करा, थोडा थंड होऊ द्या, मग सहा कोनांच्या गोटी पान्यानं मागं-पुढं करत सोडवा. गॅस पेटवायच्या आधी तेल मारलेली जागा पुसून कोरडी करा, डिझेलच्या नळ्या आणि वायरिंग झाका, बादलीभर वाळू जवळ ठेवा. स्टड तुटला तर तुटलेल्या टोकावर नट वेल्ड करून काढता येतो, ड्रिल हा शेवटचा उपाय.

होज निघाली की लगेच तिचं तोंड बंद करा. इथं सोलापूरच्या गॅरेजवाल्यांसाठी खास सांगतो. आपल्याकडं टेरी टॉवेलचे कटपीस किलोवर मिळतात आणि प्रत्येक गॅरेजात हात पुसायला तेच असतात. बाकी कामाला ते उत्तम. पण टर्बोच्या कामात तो टॉवेल जवळ आणू नका. त्याचे फासे ओरखड्याला अडकतात, एखादा धागा तुटून ऑइलच्या भोकात राहतो. ऑइलच्या नळीचं भोक आधीच बारीक, त्यात धागा फिरत जाऊन बसला की पुढचं सांगायला नको. मी बऱ्याच वेळा धुतलेल्या धोतराचे तुकडे वापरतो, पीळ घट्ट असलेलं सुती कापड. किती तुकडे कुठं कोंबले ते खडूनं बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहितो आणि बसवताना एकेक खोडतो.

जुन्या टर्बोला विचारा

टर्बो टेबलावर आला की हे काम मला सगळ्यात आवडतं. शिकायला आलेल्या पोरांना मी नवा डबा उघडू देत नाही, आधी जुना बघायला लावतो.

हवेकडचा पंखा बघा. पात्यांच्या कडा किडीनं खाल्लेल्या ज्वारीच्या पानासारख्या कुरतडल्या असतील तर धूळ आत गेलीय. आपल्याकडं मळणीचे दिवस, उसाच्या फडाचे मुरमाड रस्ते, त्यात फिल्टर जमिनीवर आपटून साफ करायची सवय. आपटल्यानं कागदाची घडी आणि रबराची कड हलते आणि धूळ बाजूनं शिरते. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे टर्बोकडच्या नळीत बोट फिरवा. बोटाला कोरडी माती लागली तर गुन्हेगार सापडला. एखादंच पातं वाकलंय, बाकी ठीक, तर काहीतरी टणक वस्तू आत गेली होती, आणि ती कुठं गेली ते शोधल्याशिवाय नवा टर्बो बसवायचा नाही. धुराकडच्या पंख्याला मार असेल तर वस्तू इंजिनातून आलीय, व्हॉल्व्ह, ग्लो प्लग, इंजेक्टरचं टोक तपासा.

आता शाफ्ट. निळा-जांभळा पडलाय, म्हणजे ऑइल पोचलं नाही. गोल गोल रेघा पडल्यात, म्हणजे ऑइल पोचलं पण त्यात कचरा होता. मधल्या घरात काळा कडक कोळसा जमलाय, म्हणजे गाडी घाट चढून आली आणि ड्रायव्हरनं लगेच चावी काढली, अडकलेलं ऑइल तिथंच भाजलं. सोलापूरच्या मे महिन्यात, जेव्हा बाहेरच ४३-४४ अंश असतात, हे फार बघायला मिळतं.

दोन्ही पंखे चकचकीत आहेत, शाफ्ट हलत नाही, तरी ऑइल गळतंय? मग परत ड्रेनची नळी आणि ब्रीदरकडं जा. टर्बो चांगला असू शकतो.

सफाई

कामाचा निम्मा दिवस इथं जातो. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, ऑइल कालच बदललंय असं मालक म्हणाला तरी. पंख्याचे किंवा बेअरिंगचे कण त्यात मिसळलेले असतात. चेंबर उतरवून आतली जाळी बघा. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत जाळीवर काळा चिखल बसलेला असतो आणि सगळं दुखणं तिथून सुरू झालेलं असतं.

वरून ऑइल आणणारी नळी नवीच घाला. ती बाहेरून कितीही चांगली दिसो, आत कोळशाची साल असते. फुंकर मारून हवा गेली म्हणजे ऑइल जाईल असं होत नाही, आणि साफ करताना सैल झालेली साल नव्या बेअरिंगमध्ये जाते. काहीशेची नळी वाचवून हजारोंचा टर्बो धोक्यात घालू नका. बँजो बोल्टमध्ये, म्हणजे नळीच्या टोकाच्या पोकळ बोल्टमध्ये, बारीक जाळी असेल तर तीही बदला. तांब्याचे वॉशर नवे. ड्रेनची नळी काढून आतून लांब ब्रशनं घासा आणि तिला कुठं चेप आलाय का बघा.

इंटरकूलर उतरवाच. बरेच जण तो जागेवर ठेवून होज पुसतात आणि पुढं जातात. जुन्या टर्बोनं फेकलेलं ऑइल त्याच्या तळाशी साचलेलं असतं, पातं तुटलं असेल तर ॲल्युमिनिअमचे तुकडेही असतात. रॉकेल किंवा डिझेल आत ओतून हलवा, उलटा करा, रंग स्वच्छ येईपर्यंत परत करा. मग हलक्या हवेनं फुंकून उन्हात तोंड खाली करून ठेवा. पूर्ण सुकला पाहिजे. आत रॉकेल राहिलं तरी तोच धोका.

तो धोका कोणता ते नीट ऐका, कारण यात जीव जातो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवेसोबत ऑइल आत यायला लागलं तर इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं. रेस आपोआप वाढत जाते, पांढऱ्या-निळ्या धुरानं रस्ता भरतो, आणि चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही, कारण चावी फक्त डिझेल बंद करते. शेवटी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर असाल आणि पुढं मोकळी जागा असेल तर सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा आणि क्लच झटक्यात सोडा, इंजिन दमून बंद पडेल. गॅरेजमध्ये होज उघडी असेल तर जाड सपाट फळी तोंडावर दाबून हवा तोडा. हात किंवा फडकं कधीच लावायचं नाही, ओढून घेतं. यातलं काहीच जमत नसेल तर लांब व्हा आणि इतरांनाही लांब करा. इंजिन परत घेता येतं.

बसवणी

नवा टर्बो घेताना जुन्याच्या पट्टीवरचा पार्ट नंबर आणि नव्याचा नंबर अक्षर-अक्षर जुळवा. "त्याच गाडीचा आहे, बसतो" यावर विश्वास ठेवू नका. बीएस-४ आणि बीएस-६ च्या एकाच नावाच्या गाडीत टर्बो वेगळा असू शकतो. नुसतं बेअरिंग-किट घालून टर्बो दुरुस्त करून देणारे आहेत. शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून देत असतील तर जरूर घ्या, नसतील तर नको. लाखाच्या वर फेऱ्यांना हाताचा अंदाज चालत नाही.

टर्बो उचलताना अ‍ॅक्च्युएटरच्या दांडीला धरून उचलू नका. त्या दांडीची लांबी कंपनीत दाब लावून सेट केलेली असते. "जरा आवळून दे, पिकअप वाढतो" असं सांगणारे भेटतील. दांडीला हात लावू नका.

मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेड येतो का बघा, वाकलं असेल तर फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून, घ्या. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या खरवडणीनं काढा. नवी पॅकिंग सगळी. ऑइलच्या दोन्ही तोंडांना गम-पेस्ट अजिबात लावायची नाही. जास्तीची पेस्ट आत वळते, सुकते, तुटते आणि ऑइलचं भोक बंद करते. पॅकिंग कोरडंच बसतं. स्टडला गरमीत न चिकटणारी तांब्याची पेस्ट लावा, पुढच्या वेळी तुमचेच हात वाचतील. ड्रेनचं तोंड खाली सरळ पाहिजे, उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत, आणि नळीला कुठंही वर चढणारा बाक नको. नट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळा. टॉर्क, म्हणजे नट किती जोरानं आवळायचा ते माप, त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, हाताच्या अंदाजानं नाही.

वरची ऑइलची नळी जोडायच्या आधी स्वच्छ डब्यातलं नवं इंजिन ऑइल टर्बोच्या वरच्या भोकात थेंब थेंब ओता आणि हवेकडचा पंखा बोटानं हळू फिरवा. सुरुवातीला पंखा हलका, थोडा कोरडा फिरतो. चार-पाच वेळा ऑइल देत गेलात की बोटाला फरक कळतो. फिरणं जड नाही पण मऊ होतं, आणि बोट काढल्यावर पंखा आवाज न करता थांबतो. खालून ऑइल टपकायला लागलं की नळी जोडा.

अजून चावी फिरवायची नाही. खालची ड्रेनची नळी सैल ठेवा, खाली डबा ठेवा. इंजिन सुरू होऊ न देता सेल्फ मारायचा आहे. जुन्या पंपाच्या गाडीत डिझेल बंद करणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा, कॉमन रेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्टरच्या गाडीत, इंजेक्टरचे कनेक्टर काढा. दहा-पंधरा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर थांबा म्हणजे सेल्फची मोटर जळणार नाही, परत दहा-पंधरा सेकंद. ड्रेनमधून ऑइलची धार दिसेपर्यंत. धार आली म्हणजे ऑइल पंपापासून टर्बोतून खालपर्यंत पोचलं. धार आली नाही तर थांबा, कारण शोधा. "सुरू केल्यावर येईल" म्हणून पुढं गेलात तर मघाशी म्हटलं ते पहिल्याच सेल्फचं नुकसान तुम्हीच कराल. माझ्या मते सगळ्या कामात ही एक पायरी सर्वांत मोलाची आहे आणि घाईत सर्वांत आधी हीच गाळली जाते.

ड्रेन आवळा, कनेक्टर जोडा, ऑइलची लेव्हल बघा, दोन खुणांच्या मध्ये. बाकीच्या होज लावताना आत हात घालून एकही तुकडा किंवा नट राहिला नाही याची खात्री करा आणि खडूचे सगळे आकडे खोडलेत का बघा.

पहिली सुरुवात

गाडी सुरू करा आणि पाच मिनिटं आयडलवरच ठेवा. रेस देऊ नका, मालक शेजारी उभा राहून "जरा रेस देऊन बघा की" म्हणाला तरी. या वेळात उजेडाची बॅटरी हातात घेऊन वरची नळी, ड्रेन, मॅनिफोल्ड सगळीकडं ओल बघा. सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल उरलेलं असतं, त्यामुळं सुरुवातीला निळसर धूर येतो. तो हळूहळू कमी होत जायला हवा. गरम इंजिनावर आयडलला ऑइलचा दाब निदान १० पीएसआय मिळतोय का ते गेज लावून बघा. कॉमन रेल गाडीत कनेक्टर काढल्यामुळं कोड आलेले असतील, ते स्कॅनरनं पुसा आणि परत येतात का बघा.

रिकाम्या गाडीची फेरी मी बोरामणीच्या बाजूला काढतो, रस्ता सरळ आहे, आवाज ऐकू येतो. हलकी सुळसुळ चालेल. पोलिसांच्या भोंग्यासारखी चढती किंचाळी आली तर परत फिरा, पंखा घासतोय किंवा हवा गळतेय. फेरीनंतर इंजिन थंड झालं की मॅनिफोल्डचे नट आणि होजच्या क्लिपा टॉर्कनं परत तपासा. गरम होऊन पॅकिंग दबतं, हे दर वेळी होतं.

ड्रायव्हरला मी चावी देताना दोन गोष्टी सांगतो, मालकासमोर सांगतो म्हणजे दोघांनाही लक्षात राहतं. सकाळी सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, ऑइल वर चढू दे. भरली गाडी घाट चढून आली किंवा हायवेवरून थेट ढाब्यावर वळली, तर दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा. मंडईत गाडी लावताना हळू चालवत आलात तर तेवढं थांबायचीही गरज नाही, टर्बो तोवर थंड झालेला असतो. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच दर्जाचं घाला. सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ गाडीत कमी राखेचं ऑइल लागतं, स्वस्तातलं जुन्या दर्जाचं ऑइल घातलं तर फिल्टर तुंबतो, मागं धुराचा दाब वाढतो आणि टर्बो परत तापतो. एअर फिल्टर आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेनं साफ करा. धुळीच्या हंगामात तो पुस्तकात सांगितलंय त्याच्या आधीच बदला.

पाचशे किलोमीटर झाले की गाडी परत दाखवायला आणा. तेव्हा टर्बोकडची होज काढून फडक्यानं आतून पुसतो. थोडी तेलकट ओल चालते, थेंब नको. जुना टर्बो मी मालकाच्या ताब्यात देतो आणि बिलावर किलोमीटर, ऑइलचा दर्जा, बदललेल्या नळ्या-फिल्टरची यादी लिहून देतो. वॉरंटीत नवा टर्बो परत पाठवायची वेळ आली तर कंपनी तो उघडून ऑइल कमी पडलं होतं का, आत माती गेली होती का हेच बघते, तेव्हा ही बिलं आणि फिल्टरच्या पावत्या गाडीच्या कागदांसोबतच ठेवा.